हाँग सोडून दुसरा शब्द

अशी जवळ ये बरं पोरी. कागदावरच का होईना, पण जवळ ये, आणि हातातला तो फोन जरा पालथा ठेव. परवा तुझ्या आईच्या फोनवरून मी तुला एवढंच विचारलं होतं, की ‘हाँग’ म्हणजे काय, तुला ठाऊक आहे का. तू अर्ध्या मिनिटात चार ओळी पाठवून दिल्यास. वर लिहिलंस, "सोपं तर आहे आजी, यात काय एवढं?" मला राग आला. तुझा नाही, त्या अर्ध्या मिनिटाचा आला. तोच अर्थ माझ्यापर्यंत पोचायला एका माणसाची अख्खी नोकरी गेली आणि वरून म्हातारपण गेलं. तो माणूस अर्थ घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा आणि मी म्हणायची, "तो सोडून दुसरा सांगा."

दिवाळीपासून तू घरी पाय ठेवला नाहीस, तेही मला ठाऊक आहे. पदवीच्या कार्यक्रमाला बाप आला नाही, बस चुकली म्हणाला, ते तुला पटलं नाही. त्यावर मी शेवटी बोलीन. आधी आमच्या सरांचं ऐक.

सर कधी बसत नसत. ही त्यांची पहिली ओळख. शाळेत खुर्ची होती, तिच्यावर खडूचा डबा बसायचा. पेपर तपासायचे तेही पुठ्ठ्याला चिमट्यानं लावून, वऱ्हांड्यात फेऱ्या मारत. आमच्याकडच्या न्हाव्यानं सांगितलेलं मला आठवतं, की मास्तराचे केस कापायचे तर त्याला दोन विटांवर चढावं लागे, कारण मास्तर उभेच, आणि वरून मान हलवत पाढे म्हणत. त्यांची बायको बिचारी ताट हातात घेऊन दाराशी उभी. एक घास आत, एक घास अंगणात. कोणी म्हटलं, "बसा ना जी सर," तर म्हणायचे, "बसलो की मले आठवते." काय आठवते ते कोणी विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

आता तुझ्या पणजोबाच्या पेटीचं सांगते, म्हणजे माझ्या बाबाच्या. आमचं माहेर आंबागडच्या पायथ्याशी. किल्ल्याच्या डोंगराखाली तलाव, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आमची ढिवरांची, मासेमाऱ्यांची घरं. बाबाकडे जाळी ठेवायला लाकडाची एक जुनी पेटी होती, आतून पत्रा मारलेली, म्हणजे उंदीर लागत नसत. कोणत्या तरी भंगारवाल्याकडून ती तुमसरहून खांद्यावर घेऊन आला होता. पेटीच्या अंगावर काळ्या रंगाची पुसट चिनी अक्षरं, घरावर घर चढवल्यासारखी, आणि खाली इंग्रजीत दोन शब्द. एक ‘कँटन’. दुसऱ्याचं अर्धं अंग घासलेलं, पण शेवटचा तुकडा स्वच्छ होता, हाँग.

मी नववीत होते. आमच्या आळीतून नववीत गेलेली पहिली पोट्टी मीच. इंग्रजी नवं होतं, आणि नवं ते सगळं वाचायची खोड. दुधाच्या डब्यावरचं वाचायचं, खताच्या पोत्यावरचं वाचायचं. मग पेटी कशी सुटेल? शब्द वहीत उतरवून नेला आणि सरांना विचारलं. सर तेव्हा तरुण होते, नुकते लागलेले, आणि गावात इंग्रजी येणारं माणूस तेवढं एकच. म्हणाले, "उद्या सांगतो."

त्यांच्याकडं एक जाडजूड डिक्शनरी होती. घरी जाऊन त्यांनी ती उघडली आणि नेमकं ते पान वाळवीनं खाल्लेलं. पान म्हणजे काय, जाळीच उरली होती. हे मला खूप पुढे कळलं. दुसऱ्या दिवशी मात्र सर वर्गात आले आणि खडू नाचवत म्हणाले, "हाँग म्हणजे चीनचा राजा. तिकडे राजाला हाँग म्हणतात."

बस. मी वहीत लिहिलं. घरी येऊन बाबाला सांगितलं, की आपली पेटी राजाची आहे. बाबानं दोन दिवस त्या पेटीवर पाय ठेवून विडी ओढली नाही.

महिनाभरानं शाळेची तपासणी आली. साहेब चांगले होते, हसऱ्या तोंडाचे. म्हणाले, "पुस्तकाबाहेरचा एक इंग्रजी शब्द कोण सांगेल?" सगळे माना खाली घालून बसले. मी उठले. "हाँग. म्हणजे चीनचा राजा."

साहेब हसले. आधी थोडं, मग पोट हलवून. "राजा हाँग, तर राणीला काय म्हणतात, हाँगीण?" वर्ग फुटला. मुलं बाकं वाजवायला लागली. साहेबांनी डोळे पुसले आणि विचारलं, "कोणी शिकवलं तुला हे?"

मी सरांकडं पाहिलं. सर फळा पुसायच्या फडक्याकडं पाहत होते. दोन्ही हातांत ते फडकं धरलेलं, जणू त्यावर काही लिहिलं आहे. मी म्हटलं, "कोणी नाही जी. माह्या मनानं."

तेवढं एक वाक्य पोरी. ते बोलले नाहीत म्हणून मी बोलले. आणि मी बोलले तरी ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी गावात हाँगीण झाले. विहिरीवर हाँगीण, तलावावर हाँगीण. तिसऱ्या दिवशी मी दप्तर त्या पेटीत टाकलं आणि आईजवळ जाळं विणायला बसले. बाबानं एकदाच विचारलं, "काहून वं, शाळा?" मी म्हटलं, "नाही जात." त्यानं सुताचा गुंडा माझ्याकडं सरकवला.

माझं मागणं काय होतं ते आताच सांगून ठेवते, म्हणजे पुढं तू बुचकळ्यात पडणार नाहीस. मला अर्थ नको होता. त्या माणसानं चार लोकांत उभं राहून म्हणावं, की हिला हे मी सांगितलं होतं, चूक माझी होती. एवढंच. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. ते त्यांचं त्यांना कळलं पाहिजे, असा माझा हट्ट. आणि त्यांची समजूत अशी, की अर्थ खोटा दिला तर खरा आणून दिला की फिटलं.

उन्हाळ्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा आमच्याकडे तलावाची मासोळी निघत होती. पाणी आटत आलं की अख्खी आळी मिळून जाळं ओढायची, आणि सगळी मासोळी पाळीवर आणून जितकी घरं तितके वाटे लावायचे. एका ओळीत. कोणाचा वाटा कोणता, यावर भांडण होऊ नये म्हणून एका माणसाला पाठमोरं बसवतात. दुसरा वाट्यावर काठी टेकवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोऱ्यानं न बघता कोणत्या तरी घराचं नाव घ्यायचं. शक्यतो बाहेरचा माणूस धरतात. त्या दिवशी बाहेरचा माणूस म्हणजे सायकल हातात धरून उभे असलेले सर. बाबा म्हणाला, "मास्तर, बरे आले. बसा इथं, तोंड तिकडं करा."

सर बसले नाहीत, पाठमोरे उभे राहिले. घरांची नावं त्यांना ठाऊकच होती, पोरं त्यांच्याच शाळेत. काठी टेकायची, "हा कोणाचा?", सर नाव घ्यायचे. असं करत करत एकच वाटा उरला आणि एकच घर उरलं. आमचं.

"हा कोणाचा?"

आमच्या घराचं नाव सरांच्या तोंडून निघेना. काठीवाल्यानं पुन्हा विचारलं. सरांची मान लाल झाली होती, मला मागून दिसत होती. मग ते मोठ्यानं म्हणाले, "मले माहीत नाही."

पाळीवर जो हशा पिकला. बाबा म्हणाला, "एकच घर उरलं मास्तर, तेही माहीत नाही? शिकवता तरी काय मंग?" सगळे हसले, मी गुडघाभर चिखलात उभी होते, मी नाही हसले. मला वाटलं, आता बोलतील. आता चार माणसं आहेत. पण ते वळले आणि सायकल ढकलत माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "नागपूरला जाऊन आलो. मोठ्या डिक्शनरीत सापडला तो शब्द. हाँग म्हणजे–"

मी म्हटलं, "तो सोडून दुसरा सांगा."

सर म्हणाले, "चहा. चहा हा शब्दही चीनचाच आहे." आणि निघून गेले.

तेव्हापासून त्यांना ती सवय लागली, "मले माहीत नाही" म्हणायची. आधी माणूस कुठलीही गोष्ट विचारली की ठोकून द्यायचा. आता रस्ता विचारला तरी माहीत असलेला रस्ता दोनदा तपासून सांगायचा, आणि नसला माहीत तर असं खणखणीत सांगायचा, की विचारणाराच ओशाळायचा. पोस्टात कोणी विचारलं, "सर, आज वार कोणता?" "मले माहीत नाही. थांबा, पाहून येतो." आणि खरंच कॅलेंडर पाहून यायचे. लोकांना वाटे, मास्तराचा स्क्रू ढिला झाला.

मग माझं लग्न झालं, अड्याळला आले. तुझे आजोबा तलावावर, मी बाजारात. सरांनी बदली मागून घेतली, भंडाऱ्याकडे गेले, शहापूरच्या बाजूला कुठंसं घर केलं. मला वाटलं सुटलं. एका बाजाराच्या दिवशी मी मरळ कापत होते, आणि पाटीवर छत्रीची सावली पडली. वर पाहिलं तर सर. ना पाऊस, ना ऊन, छत्री उघडी. बाबाला विचारून पत्ता काढला होता.

"शब्द आणला," म्हणाले.

"तोच?"

"तोच."

"तो सोडून दुसरा सांगा."

"बटाटा," म्हणाले. "पोर्तुगीजांनी आणला. पदार्थही आणि शब्दही."

असं सुरू झालं ते. दर बाजाराला नाही, पण महिन्यात दोनदा तरी. माणूस मासे खात नव्हता, वास सहन होत नव्हता, नाकावर रुमाल धरून उभा. या पायावरून त्या पायावर. माझ्या शेजारी झिंगे विकणारी काकी बसायची, जिभेची फार तिखट. तिला दुरूनच छत्री दिसायची. "अवं, तुहा मास्तर येऊन राहिला पाह्य. घेत नाही, खात नाही, निसता पाटी हुंगाले येते."

एकदा तिनं सरांनाच धरलं. "मास्तर, बसा ना जी. खाली काटे नाहीत, काटे मासोळीत राहतात."

"बसत नाही मी, बाई."

"हिनं काय घोडं मारलं तुमचं? की तुम्ही हिचं?"

सर म्हणाले, "मी हिचं." काकी हसली, तिला तो विनोद वाटला. मी तराजूकडं पाहत राहिले. अगं, ते तेव्हा बोलायला लागलेच होते. पण गिऱ्हाईक आलं, गर्दी झाली, आणि मी त्यांना पुढं बोलू द्यायच्या ऐवजी नेहमीचंच बोलले. "आज कोणता आणला? तो सोडून."

चावी आणली, हजार आणला, अलमारी आणली. घरात ज्या वस्तू आपल्या जन्माच्या वाटतात त्यांची गावं कुठली कुठली निघायची. शब्दाबरोबर ते जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणायचे, मासे बांधायला. पण बांधायच्या आधी मी वाचायची. वाचून झाल्याशिवाय मासोळी कागदात जायची नाही. गिऱ्हाईक ओरडायचं, "बांध ना वं लवकर," मी म्हणायची, "थांबा, अग्रलेख राहिला." पुढच्या खेपेला सर विचारायचे, "मागच्या गठ्ठ्यात काय होतं?" मी सांगायची. चुकलं तर दुरुस्त करायचे, आणि त्यांना ठाऊक नसलं तर बाजारभर ऐकू जाईल असं, "मले माहीत नाही." मी आज हे जे लिहिते आहे, ते त्या गठ्ठ्यांवर शिकले. दहावी नाही, बारावी नाही, मासोळीच्या कागदावर झालेलं शिक्षण आहे माझं.

आणि तरी मी त्यांना तो एक शब्द बोलू दिला नाही. मधे कोणी दुसऱ्यानंच सांगायचा प्रयत्न केला, बँकेतले एक साहेब म्हणाले, हाँगकाँग शहर आहे ना, त्यातलाच तो. मी कानावर हात ठेवले. सर मात्र अस्वस्थ झाले. छत्री मिटली, उघडली. "नाही जी, ते हाँग निराळं. त्याचा अर्थ सुगंध. ऐकायला सारखं, मूळ वेगळं. ते नाही हे, ते नाही." पार चौकापर्यंत त्या साहेबांच्या मागं गेले समजावत. मला हसू आलं. आणि वाईटही वाटलं.

सर रिटायर झाले, म्हातारे झाले, छत्रीची काठी झाली. मग ते मोठं आजारपण सगळीकडे आलं, बाजार बंद झाले. बाजार पुन्हा भरले, पण छत्री आली नाही. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष. मी मान वर करून पाहायची. काकीही पाहायची, तिनंच विचारलं एकदा, "तुहा मास्तर?" मी म्हटलं, "मले माहीत नाही." आणि ते म्हणताना माझाच आवाज मला कसासाच लागला.

शोध घ्यायला काय झालं होतं, म्हणशील. काही नाही. पाय उचलत नव्हता. त्यांनीच यायचं, असं इतक्या वर्षांत ठरून गेलं होतं.

मग एक बाजाराचा दिवस. दवाखान्यात नवीन लागलेली एक नर्सबाई रोहू घ्यायला आली. मी कागद वाचत होते, ती म्हणाली, "मावशी, तुम्ही अगदी आमच्या सरांसारखं करता. ते पण वेष्टनं वाचायचे." मी विचारलं कोणते सर. म्हणाली, "इंग्रजीचे. कधी बसायचेच नाहीत. रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे, ‘आज मला माहीत नसलेलं’. त्याखाली यादी. आम्ही उत्तर शोधून आणलं की ते पुसायचं."

मी कागद खाली ठेवला.

"आणि नववीच्या पहिल्या दिवशी," ती म्हणाली, "एक शब्द लिहायचे. हाँग. मग सांगायचे, की मला एका मुलीनं याचा अर्थ विचारला होता. मला माहीत नव्हता. माहीत नाही म्हणायची लाज वाटली म्हणून मी खोटा सांगितला. साहेब तिला हसले, वर्ग हसला, आणि मी फडकं धरून उभा राहिलो. तिनं माझं नाव सांगितलं नाही. तिची शाळा सुटली. आता तुम्ही मला हसा."

"हसले का कोणी?"

"कोण हसणार मावशी? पहिला दिवस असायचा, सगळे घाबरलेले. माझ्या मोठ्या भावाच्या वर्गातही हेच सांगितलं होतं. रिटायर होईपर्यंत दर जूनमध्ये. आम्ही आपसात म्हणायचो, सरांची गोष्ट झाली, आता वर्ष सुरू."

दर जून. चार माणसांत नाही ग, चाळीस पोरांत, दर वर्षी. मी जे मागत होते ते त्यांनी जगाला देऊन टाकलं होतं, आणि मी तेवढी त्या वर्गात नव्हते. कारण मी शाळा सोडली होती.

"कुठं आहेत ते?"

"शहापूरलाच, मुलीकडे. आता अंथरुणालाच खिळले, म्हणतात."

मी पाटी काकीकडं सरकवली. ती म्हणाली, "काहून वं, कुठं चालली?" मी म्हटलं, "विकली तर विक, नाही तर फेक." हात धुतले न धुतले, लुगड्याला खवले तसेच, आणि बसस्टँडवर. भंडाऱ्याची गाडी लागलेली होती, जागा होती, मी बसले नाही. कंडक्टर दोनदा म्हणाला, "आजी, बसा ना." कशी बसणार? बसलं की आठवत होतं. दांडा धरून भंडाऱ्यापर्यंत उभी आले, तिथून पुढच्या गाडीतही उभी. सर आयुष्यभर का उभे होते ते मला त्या दोन गाड्यांमध्ये कळलं.

मुलीनं दार उघडलं. माझा अवतार पाहून जरा मागं झाली. म्हणाली, "बाबा ओळखत नाहीत आता फारसं कोणाले." आत त्यांचे जावई होते, शेजारची एक म्हातारी बसली होती, आणि सुई द्यायला आलेला कंपाउंडर सामान आवरत होता. सर पलंगावर. मी त्यांना पहिल्यांदाच आडवं पाहत होते. डोळे मिटलेले. मी काही बोलायच्या आत त्यांचं नाक हललं.

"मच्छीचा वास येऊन राहिला," म्हणाले. "आज बाजार आहे?"

मी म्हटलं, "आहे जी. तुम्ही आले नाही, म्हणून मी आली."

डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "बैस."

मी उभीच. "सर, आज तोच सांगा. दुसरा नको."

त्यांनी मुलीला खुणावलं, उशीला टेकवून बसवायला लावलं. कंपाउंडर निघाला होता, त्याला म्हणाले, "थांब रे बाबा तू पण." आणि मग त्या चौघांसमोर, एकेक शब्द तोडत, म्हणाले, "हिनं विचारलं, तेव्हा मले माहीत नव्हतं. मी मनचं सांगितलं. हिले हसले, मी बोललो नाही. हे हिच्यासमोर म्हणाचं राहिलं होतं."

मी म्हटलं, "मले कळलं जी. दर जूनचं कळलं."

"मंग अर्थ काहून ऐकत नव्हती इतके वर्षं?"

मनातलं खरं तेच तोंडून निघालं, आणि ते मलाही तेव्हाच कळलं. म्हटलं, "ऐकला असता तर तुमचं येणं बंद झालं असतं."

सर हसले. शेजारची म्हातारीही हसली, तिला काही कळलं नसताना. मग त्यांनी माझं बोट धरून पांघरुणावर ठेवलं. "ही नदी. कँटन शहराची. तिच्या काठानं घरं. एक, दोन, तीन, एकाला लागून एक. खाली कोठार, वर राहाची जागा. बाहेर देशचे व्यापारी तिथं माल ठेवत, तिथंच राहत, चहा अन् रेशीम जहाजात भरत. त्या एकेका कोठीले हाँग म्हणत. इंग्रजांनी तो शब्द उचलला. पुढं मोठ्या व्यापारी पेढीलेही तेच नाव पडलं. पण चिनी भाषेत मुळात काय, माहीत आहे?" त्यांनी माझं बोट पुढं सरकवलं. "ओळ. निसती ओळ. एका धंद्याचे लोक एका ओळीत बसतात, म्हणून तो धंदाही हाँग. तुही पाटी. बाजूले काकीची. तिच्या बाजूले बोंबीलवाली. मी रोज तिथंच तर उभा राहत होतो. छत्रीनं दाखवलं असतं तरी झालं असतं."

मग म्हणाले, "बैस आता." मी बसले.

सर त्यानंतर दोन महिने होते. मी चार वेळा जाऊन आले. त्यांच्या मुलीनं ती डिक्शनरी मला दिली. वाळवीनं खाल्लेल्या पानाच्या जागी सरांनी स्वतःच्या अक्षरात पान लिहून शिवलं आहे, आणि शिवलंय कशानं ठाऊक आहे, जाळ्याच्या सुतानं. बाबाकडून मागून नेलं असणार. पानावरचे सगळे शब्द अर्थासकट आहेत. फक्त हाँगपुढं जागा मोकळी, आणि पेन्सिलनं बारीक लिहिलंय, ‘तिला सांगून झाल्यावर’. सरांना ते लिहायचं राहिलं. मी तीनदा पेन उघडून बंद केलं. तुझं अक्षर चांगलं आहे.

आता तुझ्या बापाचं. तो माझ्या जागेवर बसतो, मच्छीच्या त्याच ओळीत, काकीच्या सुनेला लागून. दर बाजाराला कोणी ना कोणी विचारतं, पोरगी काय करते? तो सांगतो, शिकली. मग आपसूकच पुढं सांगतो. "तिच्या कार्यक्रमाले मी गेलो नाही. बस चुकली म्हणून खोटं सांगितलं. स्टँडवर उभा होतो, गाडी समोर लागली होती. हाताचा वास जात नव्हता, साबणानं तीनदा धुतले. तिच्या मैत्रिणी, तिचे सर, तिथं कसं जावं म्हणून परत आलो." नर्सबाईला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, काकीच्या सुनेला तर पाठ झालं आहे. सगळ्या बाजाराला ठाऊक आहे पोरी. तुला तेवढं नाही, कारण तू येत नाहीस.

मी सांगितलं म्हणून त्याचं भागायचं नाही. माझंही भागलं नव्हतं नर्सबाईच्या सांगण्यानं. येत्या बाजाराच्या दिवशी ये. सकाळच्या गाडीनं ये आणि सरळ मच्छीच्या ओळीत येऊन उभी राहा, घरी नंतर जाऊ. डिक्शनरीजवळ पेन मी आणून ठेवलं आहे.